तिसरी ओहोटी

गोदावरी जिथे जन्मते तिथे ती माझ्या अंगठ्याएवढी जाड आहे. हे मी मोजून सांगते आहे, कारण मोजणं हाच माझा धंदा. ब्रह्मगिरीच्या साडेसातशे पायऱ्या चढून आम्ही गंगाद्वाराशी पोहोचलो तेव्हा आबांनी त्या धारेकडे बराच वेळ पाहिलं, उपरण्यानं घाम पुसला आणि विचारलं, "एवढीच?"

"एवढीच."

"आन् हिच्यापायी सरकारनं तुमाला दोन जीपा दिल्या?"

माझे आबा, भागुजी लिंबोरे, वय वर्षं बहात्तर, जातीचे भोई. पैठणच्या धरणाखाली नदीकाठी आमची चाळीस घरांची वस्ती आहे. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिच्यात मासे धरायचे आणि पावसाळ्यात माणसं पैलतीरी न्यायची, हा आमच्या घराण्याचा उद्योग. पण मी शाळेत असतानाच पावसाळा सरला की पात्र कोरडं पडायला लागलं. मी शिकून नोकरीला लागले त्या वर्षी आबांनी होडी उलटी करून गोठ्याच्या छपरावर टाकली. ती एकोणीस वर्षं तिथेच होती. कोंबड्यांना तेवढा आडोसा झाला.

गेल्या दसऱ्याला ती होडी खाली उतरली. त्याचं कारण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नव्या नदी आयोगानं एक सरळ प्रश्न विचारला होता: पूर ओसरल्यावर उगमाचं पाणी समुद्रापर्यंत पोहोचतं की नाही? पोहोचत असेल तर ती नदी. पोहोचत नसेल तर ती म्हणजे ओळीनं मांडलेले तलाव. आयोगानं एका वर्षासाठी प्रत्येक धरणातून पात्रात थोडं थोडं पाणी सोडायला लावलं. त्याला कागदोपत्री 'नदीचा वाटा' म्हणत. उगमाचं पाणी तीस एप्रिलपर्यंत मुखाशी सापडलं, आणि तेही लागोपाठ तीन दिवस ओहोटीच्या पाण्यात सापडलं, तर हा वाटा कायमचा. नाही सापडलं, तर सोडलेलं पाणी मातीत मुरलं आणि उन्हात उडालं असं धरायचं, आणि पुढच्या वर्षापासून ते थेट नळांमध्ये घालायचं. म्हणजे आमच्या वस्तीची होडी पुन्हा छपरावर.

पाणी ओळखायचं कसं, तर त्याला खूण करून. वाळूपासून काच होते, त्या काचेचे अतिसूक्ष्म मणी आमच्या प्रयोगशाळेत बनतात. केसाच्या जाडीवर असे हजारभर मणी ओळीनं मांडता येतील. प्रत्येक मण्याच्या पोटात डीएनएचा एक तुकडा कोंडलेला असतो. तो कुठल्याही प्राण्याचा नाही, वनस्पतीचा नाही. आम्ही अक्षरं जुळवून मुद्दाम लिहिलेला, म्हणून जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पाणी गाळायचं, गाळलेल्यातली काच विरघळवायची आणि तो तुकडा यंत्रात वाचायचा. यंत्र चपलेच्या खोक्याएवढं. दहा लिटर पाण्यात एक मणी असला तरी ते बरोबर सांगतं. हे मणी पोटात गेले तरी काही होत नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गंगेत काय काय जातंय बाई, तुजे मनी तर सोन्याचे म्हनायचे."

त्या दिवशी, आठ ऑक्टोबरला, दोन किलो पांढरी भुकटी मी गंगाद्वाराच्या धारेत सोडली. माझं काम एवढंच की पुढचे सात महिने त्या पाण्यामागून खाली उतरत जायचं. मी शैला लिंबोरे, नमुना-तंत्रज्ञ, शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञ म्हणजे पुण्यात बसलेल्या वैशंपायन मॅडम, मण्यांची कल्पना त्यांची. आबा मात्र कुणीही न बोलावता माझ्याबरोबर निघाले. भोयानं जन्मभर जिचं मीठ खाल्लं तिची दोन्ही टोकं बघायला नकोत का, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणून पाहिलं. आबांना नाही म्हणणं मला जन्मात कधी जमलेलं नाही.

नाशिकपर्यंत पाणी भराभर आलं. पुढे पैठणच्या धरणामागे, नाथसागराच्या तोंडाशी मणी सापडले आणि मग एकदम गायब झाले.

एवढा मोठा जलाशय. पलीकडचा काठ दिसत नाही. मी रोज लाँचमधून फिरून तीस ठिकाणचं पाणी घ्यायची. शून्य. दिवाळी गेली, शून्य. डिसेंबर निम्मा सरला तरी शून्य. धरणाखाली नदीचा वाटा सुटत होता, आमच्या वस्तीसमोर पाणी वाहत होतं, पण त्यात ब्रह्मगिरीचा एकही मणी नव्हता. मॅडमचा फोन आला. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या की बहुतेक सगळे मणी तळाच्या गाळात बसले असावेत. त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी आबा लाँचवर आले आणि माझी बादली बघून हसायलाच लागले. "तू वरचं पानी घेतीस?"

"वरचंच घेतात, आबा. अर्धा मीटर खोल. नियम आहे."

"तळ्याचा आसंल. गंगा तळ्यात ऱ्हाती का? गंगा खाली हाये."

मला आधी कळलंच नाही. मग ते सावकाश सांगायला लागले. धरण झालं तेव्हा जुनं पात्र पाण्याखाली गेलं, पण ते बुजलं नाही. तळाशी तसंच वळणं घेत पडलेलं आहे. थंडीत वरून येणारं नदीचं पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा गार असतं, आणि गार पाणी जड. ते तळ्यात मिसळत नाही, खाली बसतं आणि आपल्या जुन्या वाटेनं चालू लागतं. जलाशयावर मासेमारी करणारे आबांचे मावसभाऊ थंडीत जाळी त्या वाटेवरच खोल सोडतात, कारण मोठा मासा त्या गारव्याला येतो. ही वाट कुठल्या नकाशात नाही. बुडालेल्या देवळाचा कळस, अमक्या टेकाडावरचं बाभळीचं झाड आणि समोरची टाकी एका रेषेत आली की खाली गंगा, असा त्यांचा हिशेब.

आबांनी बुचाची बाटली घेतली, तिला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली आणि पन्नास फूट खाली सोडली. मग बुचाची दोरी हिसकली. बाटली वर आली तेव्हा मी ती गालाला लावून पाहिली, ती चांगलीच गार होती.

यंत्रानं तीनशे चाळीस मणी दाखवले.

मी मॅडमना फोन लावून आकडा आणि आबांची वाट दोन्ही सांगितलं. मॅडमनी 'घनतेचा प्रवाह' असं त्याचं नाव सांगितलं आणि पुस्तकात तो आहे, आपल्या डोक्यात कसा आला नाही म्हणून स्वतःवरच चिडल्या. आबांना मी ते नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे दोन दिवस भेटेल त्याला ते नाव ऐकवलं.

दहा दिवसांनी धरणाच्या तळच्या दारातून मणी बाहेर पडले आणि आमच्या वस्तीसमोरून गेले. आबांनी होडीत बसून हात जोडले. त्यानंतर राजमहेंद्रीपर्यंत थांबायचं काम उरलं नाही. गंगाखेड, नांदेड, बासर. फेब्रुवारीत सिरोंचाला प्राणहिता भेटली. ती इतकी भरलेली की आमची गंगा तिच्यापुढे सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी दबून गेली. नांदेडला शेकड्यांनी असलेले मणी तिथून पुढे विसांवर, तिसांवर आले. मार्चमध्ये पापिकोंडलूच्या डोंगरांमधून नदी जाताना पाहिली, आणि एवढीशी धार इथे एवढी होते हे बघून मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला. राजमहेंद्रीला पाणी बंधाऱ्यामागे अडून बसलं, तिथे महिना गेला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अंतर्वेदीला पोहोचलो. इथे गोदावरीची एक शाखा बंगालच्या उपसागराला मिळते. नारळाची झाडं, समुद्रात घुसलेला वाळूचा दांडा आणि दोन रंगांचं पाणी. सत्तिबाबू नावाच्या कोळ्यानं आम्हाला होडी दिली. त्याला मराठी येत नव्हतं, आबांना तेलुगू येत नव्हतं, तरी दोघं रोज सकाळी एकमेकांच्या जाळ्यांच्या गाठी तपासत तासभर बोलायचे.

रोज भर ओहोटीला, नदी समुद्राकडे ओढली जाते तेव्हा, मी दांड्याच्या टोकाशी पाणी घ्यायची. बारा दिवस शून्य. आबांचं जेवण कमी झालं. वस्तीतून रोज फोन यायचे, आणि ते "न्हाई अजून" एवढंच सांगून ठेवून द्यायचे.

चोवीस एप्रिलला यंत्रानं चारशे दहा मणी दाखवले.

मी किंचाळलेच. मॅडमना कळवलं, मॅडमनी आयोगाला कळवलं. मनात कुठेतरी एक बारीक शंका आली होती, ती मी कबूल करते. सिरोंचाला पहिल्या दिवशी दोन मणी आले होते, मग सहा, मग चौदा. पाणी कधी एकदम येत नाही, आधी थोडं येतं. इथे शून्यावरून चारशे दहा कसे? पण मला ती शंका नको होती, म्हणून मी ती बाजूला सारली. पंचवीस तारखेला बावन्न आले. नियमाप्रमाणे आणखी एकच दिवस हवा होता. किती मणी असावेत असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. सापडायला हवेत एवढंच.

 मी आनंदानं सत्तिबाबूच्या पोरींना जिलबी वाटली, आबांनी मात्र ती तोंडालाही लावली नाही. संध्याकाळी वाळूत बसून ते म्हणाले, "शैले, त्ये मनी माजे हायेत."

"म्हणजे?"

"गंगाद्वाराला तू मनी टाकून यंतर बघत बसली व्हतीस ना, तव्हा म्या गडू भरला. खाली तिरंबकात डाक लावून त्याचं तोंड बंद करून घेतलं. तुज्या आईची विच्छा व्हती, उगमाचं पानी समिंदराला भेटवायची. परवा सांजच्याला वरच्या घाटावर वतलं."

त्र्यंबकला जाणारा माणूस तांब्याचा गडू भरून आणतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या देव्हाऱ्यातच एक आहे. पण यंत्र, नियम, नमुने यांच्या नादात माझ्या डोक्यात आलंच नाही की माझ्याच बापाच्या पिशवीत कोट्यवधी मणी बंद होऊन माझ्याबरोबर सात महिने प्रवास करताहेत.

"आईसाठीच ओतलंत?" मी विचारलं.

ते बोटानं वाळू उकरत राहिले. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू. निम्मं तिच्यासाठी. निम्मं... बारा दिस झाले बाई. मला वाटलं, गंगा म्हातारीला वाट गावंना, तर हात धरून न्यावं."

मला इतका राग आला की मी उठून चालायला लागले. दांड्याच्या टोकापर्यंत गेले. आबांना ओरडावं म्हणून परत फिरले आणि ते वाळूत गुडघे जवळ घेऊन बसलेले पाहून ओरडताही येईना. खरी अडचण रागाची नव्हतीच. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. उद्या गडूतले चार-दोन मणी चिखलातून सुटून आले असते तरी तिसरा दिवस भरला असता. वस्तीची चाळीस घरं, त्यांच्या होड्या, पाणी परत आलं म्हणून पुण्याहून गावी आलेला माझा चुलतभाऊ, सगळं त्या एका ओळीवर होतं. आणि नदी तर राजमहेंद्रीपर्यंत खरोखरच आलेली होती. एवढंसं अंतर राहिलं होतं. मी स्वतःला समजावत होते की हे खोटं नाही, थोडं लवकर आहे एवढंच.

मग मला वाटलं, ती आलीच नाही तर? आली नाही आणि आपण आली म्हणून लिहिलं, तर आबा उरलेलं आयुष्य ज्या पाण्यात होडी घालतील त्या पाण्याशी आपण खोटं बोललेलो असू. आणि हे आबांनाही माहीत असेल. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाल्या, "दोन्ही दिवस खोडा. एक पूर्ण शून्याचा दिवस येऊ दे. त्यानंतर जे येईल ते नदीचं. गडू वाहून जातो, शैला. नदी येतच राहते."

मी तारखा मोजल्या. पंचवीस संपत आली होती. सव्वीसला, फार तर सत्तावीसला शून्य आलं तरच सोय होती.

सव्वीसला सहा मणी आले. म्हणजे आदल्या संध्याकाळी मी गप्प बसले असते तर आम्ही जिंकलो असतो. मी ते सहा खोडले तेव्हा आबा शेजारी उभे होते. त्यांना वाचता येत नाही, पण काट कशी दिसते ते कळतं. "माज्यामुळं," एवढंच ते म्हणाले.

सत्तावीसला शून्य आलं. आता फक्त तीन दिवस राहिले होते आणि तिन्ही दिवस मणी हवे होते. एक जरी दिवस रिकामा गेला तरी सगळं संपलं.

अठ्ठावीसला ओहोटी दुपारी दोनला होती. यंत्रानं दोन मणी दाखवले. मला आनंद होईना. दोन तर गडूचेही असू शकतात, चिखलात अडकून राहिलेले. आबा म्हणाले, "कमी हायेत." मी म्हटलं, "कमीच हवेत. खरं पाणी थोडंच येतं पहिल्यांदा." हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

एकोणतीसला नऊ आले. गडूतलं पाणी वाढत नाही. जे मागून येत असतं तेच वाढतं. मला ते कळलं आणि मी लगेच उद्याचा कॅन धुवायला घेतला.

तीस एप्रिल. ओहोटी साडेतीनला. दुपारी वारा उठला, समुद्र खवळला आणि सत्तिबाबूनं हातानंच नाही म्हणून सांगितलं. टोकाशी होडी जाणार नव्हती. मी दहा लिटरचा कॅन हातात धरून नुसती उभी राहिले. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आबांकडे. काय बोलणं झालं मला कळलं नाही, पण पाच मिनिटांत दोघांनी होडी पाण्यात लोटली. सत्तिबाबू वल्ह्यावर, आबा पुढे बांबू घेऊन, मी मधे कॅन पोटाशी धरून. आबा बहात्तर वर्षांचे आहेत हे त्या वेळी कुणाला खरं वाटलं नसतं. लाट आली की ते बांबू रोवून होडीचं तोंड बरोबर वळवायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "घाबरू नगं, गंगेतच हाव आपन."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी कॅन भरला.

यंत्राला पन्नास मिनिटं लागतात. किनाऱ्यावर आम्ही तिघं त्या खोक्याभोवती बसलो, आणखी दहाबारा कोळी येऊन उभे राहिले.  मग पडद्यावर आकडा आला.

एकतीस.

"किती?" आबांनी विचारलं.

"एकतीस, आबा. दोन, नऊ, एकतीस. वाढतेय. मागून येतेय ती. तिची ती आली."

 आबांनी दोन्ही हात वाळूवर टेकले आणि ते मोठ्यानं रडले. मी त्यांना आईच्या जाण्यानंतरही असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. सत्तिबाबूनं काय ते ओळखलं आणि बाकीच्यांना तेलुगूत सांगितलं, आणि त्या दहाबारा जणांनी एक आरोळी ठोकली. मॅडमशी बोलले तर त्या हसत होत्या की रडत होत्या हे फोनवर कळेना. त्या म्हणाल्या, "भागुजींना सांगा, नदीचा वाटा कायम झाला. आणि त्यांची थंड पाण्याची वाट त्यांच्या नावानं अहवालात जाणार आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "गडूही जाणार आहे, बरं का."

मी दोन्ही सांगितलं. आबांनी डोळे पुसले आणि वस्तीवर फोन लावायला सांगितला. मी लावून दिला. पलीकडे सगळी वस्ती फोनभोवती जमलेली असणार, तसा आवाज येत होता.

आबा उभे राहिले. मला वाटलं, ते आता आली म्हणून सांगतील.

"आधी माजी चूक ऐका," ते म्हणाले. आणि त्यांनी गडूची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता: कुठे भरला, कुठे ओतला, चारशे दहा मणी कुणाचे होते, आणि लेकीनं ते कसे खोडले.  

"आता दुसरं ऐका," आबा म्हणाले. "माजा गडू काडून टाकला. तरी बी ती आली. माज्या हाताबिगर आली. पार समिंदरात घुसली. आता आपली पोरं हिच्यात जाळी टाकतील, आन् त्यांची पोरं बी."

 पलीकडे चाळीस घरं एकदम बोलायला लागली, आणि त्या गलक्यानं आबांनी फोन कानापासून लांब धरला. तो तसाच हातात धरून ते पाण्यात उतरले, गुडघाभर, मग मांडीभर, आणि जिथे दोन रंगांचं पाणी एक होत होतं तिथे फोन पाण्यावर धरून ओरडले, "ऐका. ही तिचीच लाट हाये."